मामा गेले, पावणेपाचला

बाजार शुक्रवारी बंद होणार, अशी नोटीस सोमवारी सकाळी दारावर लागली. बंद म्हणजे रोज संध्याकाळी होतो तसा नव्हे, कायमचा. धाकट्याने ती आधी चष्मा कपाळावर सरकवून वाचली, मग चष्मा डोळ्यांवर ओढून वाचली. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

खरं तर त्याला धाकटा म्हणावं असं आता काही उरलं नव्हतं. एकसष्ट पूर्ण झालेली, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे आणि ऑफिसात हाताखाली काम करणारी स्वतःची मुलगी तिशीची होती. पण शेअर बाजारात भाव रोज बदलतात, एकदा पडलेलं नाव बदलत नाही. वडील या बाजारातले जुने दलाल. त्यांचे दोन मुलगे एकदमच दालनात येऊ लागले, तेव्हा लोकांनी एकाला थोरला म्हटलं आणि दुसऱ्याला धाकटा. पुढे थोरला दुसऱ्या शहराच्या बाजारात गेला, त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी इथला धाकटा तो धाकटाच.

नोटीस वाचून बाकीचे दलाल हळहळले आणि चहा प्यायला गेले. हळहळण्यासारखं तिथे फारसं राहिलंही नव्हतं. सौदे यंत्रावर व्हायला लागल्यापासून खालचं दालन ओस पडलं होतं. कडेला मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. धाकटा मात्र तिथेच उभा राहिला. मधल्या लाकडी फरशीवर एक गोल अजून दिसत होता, माणसांच्या बुटांनी घासून घासून झालेला. त्या गोलात एके काळी दोनशे माणसं एकदम ओरडायची. भिंतभर काळा फळा, त्यावर भाव लिहिणारा लंबू नावाचा कारकून, त्याच्या भुवयाही खडूने पांढऱ्या झालेल्या. बोटांच्या खुणा, बसलेले घसे, तोंडात लवंगा. आणि गंमत अशी, की एवढ्या गोंगाटात प्रत्येकाला आपल्याला हवं तेवढं बरोबर ऐकू यायचं. निदान तेव्हा धाकट्याला तसं वाटायचं.

आता मात्र त्याच्या मनात एकच आलं. पुढच्या सोमवारपासून इथला भाव म्हणून काही असणार नाही. इथला भाव नाही, म्हणजे दादाला फोन करायला कारण नाही. आणि दादाचा फोन नाही, म्हणजे वीस वर्षं घशात अडकलेलं एक वाक्य तिथेच राहणार. दोघांपैकी एकजण डोळे मिटेपर्यंत.

आता हे वाक्य काय, ते सांगायचं तर दोघांचं भांडण सांगायला हवं, आणि ते सांगायला मला लाज वाटते, इतकं ते किरकोळ होतं. वडिलांची दालनातली जागा एक आणि मुलगे दोन. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, म्हणून वडिलांनी दुसऱ्या शहरातल्या बाजाराची एक जागा घेतली आणि थोरल्याला तिकडे पाठवलं. थोरल्याला वाटलं, आपल्याला घराबाहेर काढलं. धाकट्याला वाटलं, मोठा बाजार दादाला आणि उरलासुरला आपल्याला. निघायच्या दिवशी थोरला म्हणाला, "घर तुला लखलाभ असो." धाकटा म्हणाला, "मोठा बाजार पदरात पाडून घेतलास, वर तोंड करून बोलतोस?" एवढंच. दोन वाक्यं. पण ती जी बसली ती दगडावरच्या रेघेसारखी. नंतर वडील गेले तेव्हाही दोघे खोलीच्या दोन टोकांना बसून होते. दोघांमधून विस्तव जात नव्हता.

मग मध्ये पडले ते मामा. आईचे थोरले भाऊ. मूलबाळ नव्हतं, या दोन भाच्यांनाच त्यांनी खांद्यावर बसवून वाढवलं होतं. मामा स्वतः दलाल नव्हते, नळ बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस होते, पण बाजारातलं त्यांना दलालांपेक्षा जास्त कळायचं. वडील गेल्यावर एका रविवारी त्यांनी दोघांना समोर बसवलं. दोघे समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुम्हाला एकमेकांशी बोलायचं नाही ना?" मामा म्हणाले. "नका बोलू. कुणी पाया पडत नाही तुमच्या. पण एकाच कंपनीचा शेअर इथे शंभराला मिळतो आणि तिथे एकशे एकला जातो, हे दोन्ही गाढवांना दिसतंय की नाही? एकाने घ्यायचा, दुसऱ्याने विकायचा, मधला फरक दोघांचा. भाव सांगायला काही माया लागत नाही."

तेव्हापासून फोन सुरू झाला. त्या वेळी धाकटा पस्तिशीचा होता.

धंदा तसा सरळ होता. दोन शहरांमध्ये पाच तासांचं अंतर. एका बाजारातली बातमी दुसऱ्या बाजारात पोहोचेपर्यंत भावात थोडी फट राही. ती फट बुजायच्या आत स्वस्त तिथे घ्यायचं, महाग तिथे विकायचं. दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात व्हायला हव्यात. नाहीतर फट बुजली की हात पोळलेच. शेअरचे कागद मग पिशवीवाला घेऊन जाई. पिशवीवाला म्हणजे दोघांचा भरवशाचा माणूस, कातडी पिशवी पोटाशी बांधून आगगाडीत बसायचा आणि डुलकी लागली तरी पिशवीवरचा हात सुटायचा नाही.

खरी अडचण फोनची होती. लाइन अशी की तिच्यात तिसरा, चौथा, कधी पाचवाही माणूस बोलत असायचा. शेअरचं नाव घेतलं की दुसरे दलाल कान टवकारून तयार. म्हणून मामांनी तोडगा काढला. शेअरांना नात्यांची नावं ठेवली. रंगाच्या कंपनीला आत्याबाई, कारण रोज नवा रंग. आगपेट्यांच्या कंपनीला नणंद, ते का हे सांगायला नको. साखर कारखान्याला जावई, कारण तो सदा भाव खाई. कापडगिरणीला मावशी. आणि नळाच्या कंपनीला खुद्द मामा, कारण मामांची सगळी नोकरी तिथेच झाली होती. घेतले तर 'आले' म्हणायचं, विकले तर 'गेले'. शंभराचा आकडा कुणी उच्चारायचा नाही. एकशे चार आणि वर पाऊण, असं लांबण कोण लावणार? नुसतं 'पावणेपाच'.

"मावशी गेली, साडेतीनला, दोनशे."

"आली, अडीचला."

संपलं बोलणं. टेलिफोन ऑफिसातली बाई एकदा धाकट्याला काळजीने म्हणाली होती, "तुमच्या मावशी सकाळपासून तीनदा गेल्या हो. कुठे जातात एवढ्या?" धाकटा म्हणाला, "पाय टिकत नाही बाईंचा घरात." त्या दिवशी तो एकटाच हसत बसला होता. हे दादाला सांगावं असं त्याच्या फार मनात आलं, पण तसं बोलायची रीत नव्हती. दिवसातून तीस-तीस वेळा दोघे एकमेकांचा आवाज ऐकत, पण 'कसा आहेस' हा शब्द कधी त्या तारेतून गेला नाही. थोरल्याला दुसरी मुलगी झाली हे धाकट्याला पिशवीवाल्याकडून कळलं. धाकट्याची बायको आजारी होती तेव्हा आठवडाभर थोरल्याने भाव अगदी सावकाश, दोनदोनदा सांगितले. चौकशी केली नाही. सावकाश सांगितले, एवढंच. धाकट्याला ते कळलं होतं, आणि कळलं म्हणून त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

सहा वर्षं असं चाललं. मामा फार थकले, एकटं राहणं होईना, ते थोरल्याकडे राहायला गेले.

आणि मग तो बुधवार. दालन उघडून पाच मिनिटं झाली असतील. जावयाने त्या सकाळी बाजार डोक्यावर घेतला होता, लंबूला खडू पुरत नव्हता. फोन वाजला तसा धाकट्याने एक कान हाताने दाबला आणि दुसऱ्याला रिसीव्हर लावला.

"मामा गेले," थोरला म्हणाला.

"कितीला?"

पलीकडे जरा वेळ नुसतीच खरखर.

"पावणेपाचला."

धाकट्याने फळ्याकडे पाहिलं. मामा इथे साडेतीनला. सव्वाचा फरक, अशी संधी महिन्यातून एकदा येते. त्याने समोरच्या दलालाला बोटाने खूण केली, की थांब, घेतोय.

"किती?"

पुन्हा खरखर. "सत्त्याहत्तर."

सत्त्याहत्तर हा काय आकडा झाला, असं धाकट्याच्या मनात आलं. सौदे शंभराचे, दोनशेचे. पण कुणाकडे सुटे राहिले असतील, विचारत बसलो तर फट बुजायची. त्याने सत्त्याहत्तर घेतले. तोंड भरून म्हणाला, "आले. संध्याकाळच्या गाडीने माणूस पाठवतो."

"माणूस?" थोरला म्हणाला.

"हो. नेहमीचाच."

पलीकडून फोन ठेवला गेला. धाकट्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोन नेहमी असाच ठेवला जाई.

पिशवीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तो पिशवी न सोडताच समोर उभा राहिला. म्हणाला, "थोरल्यांच्या घरी सगळी माणसं जमली होती, साहेब. मी आपला पिशवी घेऊन दारात. मामा पहाटे पावणेपाचला गेले म्हणे. झोपेतच. सत्त्याहत्तर म्हणजे तसं वय झालं होतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

धाकट्याने जवळची खुर्ची चाचपली आणि तो बसला. सहा वर्षांत दादाने पहिल्यांदा घरातली गोष्ट सांगितली होती, आणि आपण ती बोटाने खूण करून विकत घेतली होती. वर माणूस पाठवला होता. ज्याने खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्याला पोहोचवायला स्वतः न जाता माणूस पाठवला, आणि तोही सत्त्याहत्तर कागद पिशवीत देऊन.

तेवढ्यात फोन वाजला. थोरलाच होता. आवाज नेहमीसारखा.

"मावशी काय?"

"दादा," धाकटा म्हणाला. सहा वर्षांत त्याने ही हाक मारली नव्हती. "दादा, मामा..."

"मामा बंद," थोरला म्हणाला. "मामांचा सौदा आपल्यात आता नको. मावशी काय ते सांग."

धाकट्याने मावशी काय ते सांगितलं.

त्यानंतर बोलायला तोंडच राहिलं नाही. पत्रं लिहिली त्याने, चार-पाच तरी. लिहायचं काय? 'मामा म्हणजे मला शेअर वाटला.' कागदावर ते वाचलं की शुद्ध थाप वाटे, आणि खरं मानलं तर त्याहून वाईट. सख्खे मामा गेल्याची बातमी ज्याला नफ्याची वाटते त्या माणसाला काय म्हणायचं? त्याने सगळी पत्रं फाडली. आणि फोन मात्र रोज येत राहिला, तीस-तीस वेळा. आत्याबाई आल्या, नणंद गेली, जावई भाव खाऊन बसले. नळाची कंपनी पुढे दुप्पट झाली, चौपट झाली, पण दोघांपैकी कुणी तिचं नाव काढलं नाही.

माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. धाकट्याला या गोष्टीची झाली नाही.

मग यंत्रं आली. पडदा लावला की इथला भाव आणि तिथला भाव शेजारी शेजारी, आणि नुसता दोघांना नव्हे, साऱ्या जगाला. फट दिसायच्या आत बुजू लागली. दोन बाजारांत फिरवाफिरवी करणारे दलाल एकेक करून गप्प झाले. धाकट्याने मुलीच्या हट्टापायी यंत्र घेतलं, आणि पहिल्या दिवशी तो त्या पडद्याकडे असा बघत बसला, जणू कुणी घराची भिंत पाडली आहे. दादाचा बाजार त्याच्या टेबलावर आला होता. आता दादाने फोन कशाला करायचा?

पण दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"मावशी काय?"

धाकट्याच्या समोर पडद्यावर मावशी दोन्हीकडची दिसत होती. त्याने इथली सांगितली. मग विचारलं, "तिकडे?" थोरल्याने तिथली सांगितली. पैशाचाही फरक नव्हता. "बरं," थोरला म्हणाला, आणि फोन ठेवला.

तसं मग रोज. तीस वेळा नाही, पण एकदा, दहा वाजून पाच मिनिटांनी, न चुकता. मुलीला हे पाहवेना.

"बाबा, काकांच्या बाजारचा भाव इथेच दिसतो की."

"दिसू दे."

"मग विचारता कशाला? आणि काकांना सांगा ना, यंत्र घ्या म्हणून. फोनच्या बिलात दोन यंत्रं आली असती आत्तापर्यंत."

"त्याला नको असेल," धाकटा म्हणाला. "तो अजून शाईचं पेन वापरतो. तू तुझं काम बघ."

मनात तो म्हणत होता, दादाला यंत्राचं कळलं तर हाही फोन बंद. म्हणून आपल्याकडे यंत्र आहे हे त्याने आठ वर्षं लपवलं. पडद्याकडे बघत 'तिकडे?' विचारायचं आणि उत्तर ऐकून 'अस्सं' म्हणायचं. एकदा थोरला एक आकडा चुकला, चष्मा बदलायला झाला असावा, तर धाकट्याने तो चुकीचाच खरा मानून 'अस्सं' म्हटलं. पोराटोरांसारखा खेळ होता, पण रोज दहा वाजून पाच मिनिटांनी त्याच्या छातीत जे हलायचं ते काही खेळातलं नव्हतं.

आणि आता ही नोटीस.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस फोन आला. तिन्ही दिवस धाकट्याने वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं. सोमवारी तोवर थोरल्याने फोन ठेवला होता. मंगळवारी लाइन स्वच्छ होती, श्वाससुद्धा ऐकू येत होता, म्हणून धीर झाला नाही. बुधवारी थोरल्याने नेहमीचं 'बरं' म्हटल्यावरही क्षणभर फोन ठेवला नाही. मग ठेवला. बाजार बंद होतोय हे दादाला ठाऊक असणारच, पण त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांचा भाव सांगून धाकट्याने सदरे पिशवीत कोंबले.

"उद्या शेवटचा दिवस आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "दालनात सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. तुम्ही सगळ्यात जुने."

"माझ्या वतीने तू उभी राहा."

"आणि काकांचा फोन आला तर?"

"वाजू दे. वर कुणी थांबू नका."

दुपारच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि वाक्य घोळत राहिला. दादा, मला शेअर वाटला. दादा, दालनात गोंगाट फार होता. दादा, मी आलो असतो रे. पाच तासांत त्याने ते पन्नास तऱ्हांनी म्हणून पाहिलं. समोरच्या बाईने आपल्या पिशव्या जरा लांब सरकवल्या.

रात्र स्टेशनावर काढून शुक्रवारी सकाळी पत्ता विचारत विचारत तो पोहोचला. छोटी गल्ली, तळमजल्यावर छापखाना, शाईचा वास, वर जाणारा अरुंद जिना. ज्या जागेशी आपण सव्वीस वर्षं बोलत आलो ती आपण कधी पाहिलीच नव्हती, हे त्याला जिन्यात उमगलं. गुडघ्यांनी फार वेळ घेतला. वर पोहोचला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं झाली होती.

दार उघडंच होतं. थोरला दाराकडे पाठ करून बसला होता. केस पार पांढरे, मान बारीक झालेली. वडिलांची शेवटी झाली होती अगदी तशी. फोन कानाला. आणि त्याच्यासमोर टेबलावर यंत्र, पडदा चालू, त्यावर दोन रकाने. एक या बाजाराचा, एक धाकट्याच्या बाजाराचा. यंत्राच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. कालपरवाचं ते नव्हतंच. धाकट्याकडच्या यंत्राच्याही आधीच्या तऱ्हेचं होतं.

फोनमध्ये पलीकडे घंटी वाजत होती, तिचा बारीक आवाज दारापर्यंत येत होता. धाकट्याच्या रिकाम्या ऑफिसातली घंटी. वाजून वाजून ती थांबली. थोरल्याने पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा घंटी. त्याने डाव्या हाताने कपाळ धरलं.

"उचल रे," तो हळूच म्हणाला. "आजच्या दिवस उचल."

"उचलणार नाही तो," धाकटा म्हणाला.

थोरल्याने आधी हातातल्या फोनकडे पाहिलं. सव्वीस वर्षं हा आवाज तिथूनच यायचा. मग तो वळला.

फोनमध्ये घंटी वाजतच होती. शेवटी धाकट्याने पुढे होऊन तो ठेवला.

"हे यंत्र कधी घेतलंस?" त्याने विचारलं.

"दहा वर्षं झाली."

"मग रोज मला भाव कशाला विचारत होतास?"

"तुझ्याकडेही आठ वर्षं आहे. पिशवीवाल्याने सांगितलं होतं, तो जायच्या आधी," थोरला म्हणाला. "तू कशाला सांगत होतास?"

गाडीत घोटलेली पन्नास वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. जे तोंडाला आलं ते आलं.

"दादा, मला शेअर वाटला. तू मामा गेले म्हणालास आणि मला शेअर वाटला. मी तुझ्यावरच्या रागाने नाही आलो असं नव्हतं. मला कळलंच नाही."

"ठाऊक आहे," थोरला म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"त्याच रात्री कळलं. पिशवी उघडली आणि आत नळाचे सत्त्याहत्तर कागद. रागावलेला माणूस येत नाही, पण कागद कशाला पाठवेल?"

"मग मामा बंद म्हणालास ते? मी वीस वर्षं..." धाकटा म्हणाला. "मी वीस वर्षं समजत होतो, तू मला माफ केलं नाहीस."

थोरल्याने शाईचं पेन उचललं, झाकण काढलं, परत लावलं.

"मला तो शब्द फोनवर ऐकवेना, म्हणून बंद म्हटलं. तू रोज म्हणणार, मामा आले, मामा गेले. कसं ऐकू?" मग जरा थांबून म्हणाला, "चूक माझी होती रे. नीट सांगायला हवं होतं. मी फोन उचलला तेव्हा सांगणारच होतो, की मामा वारले, तू ये. पण तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, आता तोंड उघडलं तर रडू फुटेल. सहा वर्षं आपण काही बोललो नव्हतो. तुझ्यासमोर रडायचं कसं? म्हणून भाव सांगतात तसं सांगितलं. गेले, पावणेपाचला, सत्त्याहत्तर. तू 'माणूस पाठवतो' म्हणालास तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसरा फोन करायला हवा होता. नाही केला. रात्री कागद बघून कळलं, पण तोवर सगळं उरकलं होतं. तुझ्या वाटचं रडणं मीच बुडवलं, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं. जमीन बारीक थरथरू लागली, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. पडद्यावर एका रकान्यातले आकडे बदलत होते. दुसऱ्या रकान्यातले, धाकट्याच्या बाजाराचे, आज सकाळपासून हललेच नव्हते.

धाकट्याने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि भावाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली. तो बसला.

"मग आता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा सांगणार होतास ते. नीट सांग."

थोरल्याने पेन खाली ठेवलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मामा वारले रे," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच गेले. तू ये."

"आलो, दादा," धाकटा म्हणाला.